डोमेन घेण्याआधी तीन फोन करा

डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता. त्यासाठी मराठी नाव ऐकायला गोड वाटतं, पण रोमन लिपीत टाइप करताना गिऱ्हाईक अडखळतं आणि भलत्याच साइटवर जातं. वहिनीच्या लोणच्यांसाठी ‘घास’ हे नाव आम्ही जवळपास पक्कं केलं होतं. सहज तिघांना फोनवर सांगून टाइप करून पाठवायला सांगितलं. एकाने एकच ए लावला, दुसऱ्याने दोन. मावशीने तर एच गाळून ‘गास’च करून टाकलं!

तेव्हापासून हे करतो:

१. नाव फक्त तोंडी सांगायचं, स्पेलिंग अजिबात सांगायचं नाही. तिघांकडून व्हॉट्सॲपवर मागवायचं. त्यातला एक जण वयस्कर हवाच.

२. तिघांचं एकच आलं तर बिनधास्त घ्या. दोन आली तर दोन्ही डोमेन घेऊन एक दुसऱ्यावर फॉरवर्ड करा, म्हणजे कुठलंही टाइप केलं तरी गिऱ्हाईक एकाच साइटवर पोचतं. ही सोय बहुतेक डोमेन विकणाऱ्यांकडे असते. तीन आली तर सरळ नाव बदला. आम्ही तेच केलं.

३. पैसे भरण्याआधी नूतनीकरणाचा दर बघा. पहिल्या वर्षी डॉट कॉम बऱ्याचदा स्वस्तात मिळतं, दुसऱ्या वर्षीचं बिल वेगळंच असतं.

एक मात्र सांभाळा. साइट बनवणारा ‘मीच डोमेन घेऊन देतो’ म्हणाला तरी डोमेन विकणाऱ्याकडचं खातं तुमच्याच ईमेलवर आणि तुमच्याच मोबाइल नंबरवर उघडा. उद्या त्याच्याशी बिनसलं, तर दुकानाची पाटी त्याच्याकडेच अडकते.