पॅराशूट अ‍ॅडम्स: ट्राउटसाठी पाण्यावर तरंगणारी माशी बांधताना

नाशिकच्या पाण्यात ट्राउट नाही. या माशाला साधारण 20 अंशांच्या आतलं गार, वाहतं पाणी लागतं आणि गोदावरी-दारणा उन्हाळ्यात त्याच्या बऱ्याच पुढे जातात. म्हणून इथला माणूस ट्राउटसाठी हिमाचलात तीर्थनच्या खोऱ्यात जातो. तिथे 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी असते आणि पावसाळ्यात पाणी गढूळ होतं. राहतात मार्च ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. म्हणजे नाशकात पाऊस लागला की घरी बसून माशा, म्हणजे गळावर पिसं आणि दोरा बांधून केलेल्या कीटकांच्या नकला, बांधायचे दिवस आले.

मेफ्लाय, म्हणजे पाण्यात वाढणारा एक पंखवाला किडा, मात्र आपल्याकडेही आहे. पावसाळ्यात नदीकाठच्या दिव्याखाली पाहा: शिडासारखे उभे मिटलेले पंख, बारीक अंग आणि मागे लांब दोन-तीन शेपट्या. पाण्यातून वर आल्यावर ती पंख वाळेपर्यंत पृष्ठभागावर बसून वाहत जाते, आणि ट्राउट तिला तिथेच उचलतो. आपल्याला नक्कल करायची ती या बसण्याची. रंग थोडा चुकला तरी चालतो, पण माशी कलंडली किंवा बुडाली की ही नक्कल बिघडते.

सुरुवातीला एकच नमुना पक्का करा: अ‍ॅडम्स. लेनर्ड हॅलडे यांनी 1922 साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये ही माशी बांधली. ती कुठल्याही एका मेफ्लायसारखी हुबेहूब नाही, पण करड्या रंगामुळे बऱ्याच जणींसारखी दिसते. मूळ माशीत पिसाच्या टोकांचे दोन पंख असतात आणि हॅकल, म्हणजे तरंगण्यासाठीचं पीस, गळाच्या दांड्याभोवती गुंडाळतात. पॅराशूट प्रकारात पांढरा तुरा उभा करून हॅकल त्याच्याभोवती आडवं फिरवतात. खळाळत्या पाण्यात पांढरा तुरा लांबून दिसतो आणि पीसही कमी लागतं, म्हणून आधी हीच शिका.

सामान

गळ ड्राय फ्लायचाच, म्हणजे तरंगत्या माशीसाठीचा बारीक तारेचा घ्या, 14 नंबरचा. आकडा वाढतो तसा गळ लहान होतो, हे ध्यानात ठेवा. 16 नंबरचा पुढे कधीतरी. बाजारात मिळणारा आपला नेहमीचा गळ जाड तारेचा असतो, त्यावर कितीही सुंदर माशी बांधली तरी ती तळाला जाते. या एका गोष्टीत काटकसर नको, गळ ऑनलाइन मागवा.

दोरा 70 डेनियरचा (डेनियर हे दोऱ्याच्या जाडीचं माप), करडा किंवा काळा. शिलाई मशीनचा साधा पॉलिएस्टर दोरा याच्या जवळपास तिप्पट जाड असतो, चार वेढ्यांतच गळाच्या डोळ्याजवळची, म्हणजे दोरी ओवायच्या छिद्राजवळची, जागा संपते. येवल्याच्या पैठणीचं बारीक रेशीम मिळालं तर तेही चालतं, फक्त रेशीम भिजल्यावर गडद होतं.

पिसं गावठी कोंबड्याची, मानेवरची. एक तपकिरी, एक काबरं म्हणजे करडं-पांढरं पट्टेरी. चिकनवाल्याला नराचीच मागा. कोंबडीचं पीस मऊ असतं, ते पाणी पितं आणि बसतं. गावठी पिसाचा बुडाकडचा भागही असाच मऊ, लोकरीसारखा असतो. वरचा चकचकीत, ताठ तंतूंचा तुकडाच कामाचा. म्हणून एका पिसात एकच माशी होते. या कामासाठी खास पैदास केलेल्या कोंबड्यांची महागडी पिसं मिळतात, एकातून तीन-चार होतात, पण शिकताना त्यांची गरज नाही. आणलेली पिसं कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडने धुवा, कागदावर पूर्ण वाळवा आणि बंद पिशवीत दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा. नाहीतर कसर लागते, आणि ती एका पिशवीवर थांबत नाही.

तुऱ्याला पांढरा पॉलिप्रॉपिलीनचा दोरा, कारण ते पाण्यापेक्षा हलकं असतं. दुकानदार नायलॉनलाही तेच नाव देतो, तेव्हा घरी पारख करा: सुटे तंतू साबणाच्या पाण्यात चोळून भिजवा आणि सोडा. नायलॉन बुडतं, पॉलिप्रॉपिलीन वर येतं. (कांद्याच्या जाळीच्या पिशवीचा मोह होतो, पण तिची पट्टी ताठ असते, तुरा होत नाही.) अंगासाठी करडी अ‍ॅक्रिलिक लोकर एक सेंटीमीटरचे तुकडे करून बोटांनी पिंजून घ्या. मेंढीची लोकर नको, ती पाणी धरते.

याशिवाय गळ पकडायला व्हाइस, दोऱ्याची रीळ धरणारं बॉबिन, टोकदार कात्री, सुई आणि पारदर्शक नेलपॉलिश. व्हाइस सातपूर-अंबडच्या एखाद्या लेथवाल्याकडून करून घेता येईल. जबडे मात्र कडक केलेल्या पोलादाचेच हवेत, नाहीतर गळ घसरतो.

बांधणी

गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून टाका. तुटायचा असेल तर आत्ताच तुटेल, वीस मिनिटांच्या मेहनतीनंतर नाही. गळाचा बाक, म्हणजे वळणाचा भाग, व्हाइसमध्ये पकडा, दांडा आडवा.

डोळ्यामागे डोळ्याएवढी जागा रिकामी सोडून दोरा सुरू करा आणि दांड्याच्या पुढच्या एक तृतीयांशापर्यंत वेढे द्या. इथे तुरा बसतो. पॉलिप्रॉपिलीनचा पाच सेंटीमीटरचा तुकडा दांड्याखालून घालून दोन्ही टोकं वर ओढा, बुडाशी फुलीचे चार वेढे द्या. मग दोरा तुऱ्याभोवतीच दोन मिलिमीटर उंचीपर्यंत वर नेऊन खाली आणा. हे खोड कच्चं राहिलं तर पुढे हॅकल घसरून वर निघून जातं. बऱ्याच माशा इथेच बिघडतात आणि दोष पिसाला जातो. खोडावर नेलपॉलिशचा बारीक थेंब द्या.

आता शेपटी. तपकिरी आणि काबऱ्या पिसाचे ताठ तंतू मिळून सहा ते आठ, लांबी दांड्याएवढी. दोरा मागे न्या, पण बाक सुरू होतो तिथेच थांबा. त्यापलीकडे बांधली तर शेपटी खाली झुकते आणि माशी मागे बसते. आखूड झाली तरी तोल जातो. जास्त तंतू घालायचा मोह आवरा.

दोऱ्यावर किंचित मेण लावा आणि पिंजलेली लोकर एकाच दिशेने वळा. इतकी कमी, की दोरा जेमतेम झाकला जावा. शेपटीकडून निमुळतं अंग तुऱ्यापर्यंत आणा, तुऱ्यापुढे एक-दोन वेढे द्या. जाड अंग म्हणजे भिजलेला बोळा.

हॅकलचे तंतू गळाच्या तोंडाच्या, म्हणजे टोक आणि दांडा यांमधल्या अंतराच्या, दीडपट ते दुप्पट हवेत. पीस गळाशी वाकवून माप घ्या. दोन्ही पिसांचा बुडाकडचा मऊ भाग खुडा, देठावरचे दोन मिलिमीटर तंतू काढा आणि देठ खोडाला बांधा. पहिला वेढा खोडावर वर, पुढचा प्रत्येक त्याच्या खाली. तपकिरीचे दोन, काबऱ्याचे दोन-तीन. वेढे एकमेकांवर चढले तर तंतू वाकडेतिकडे उभे राहतात. उलगडा आणि पुन्हा फिरवा. टोक डोळ्यामागे आणून पुढचे तंतू बोटांनी मागे धरा, दोऱ्याचे तीन वेढे द्या, उरलेलं कापा.

पाच वेढ्यांची व्हिप गाठ (दोऱ्याचे वेढे त्याच्याच टोकावर घेऊन ओढायची शेवटची गाठ), वर सुईने नेलपॉलिशचा थेंब. पावसाळ्यात ते वाळायला वेळ लागतो, रात्रभर राहू द्या. डोळा ओला असतानाच पिसाच्या देठाने मोकळा करा. तुरा शेवटी, दांड्याएवढ्या उंचीवर कापा.

पारख

पाण्याच्या वाटीवर हातभर उंचीवरून माशी सोडा. तुरा वर ठेवून उतरली तर जमली. एका कुशीवर पडत असेल तर हॅकल एकीकडे दाट आहे किंवा तुरा वाकला आहे. मागचं टोक बुडत असेल तर शेपटीचे तंतू मऊ आहेत.

नदीवर भिजलेली माशी सुकवायला बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलची पांढरी पुडी कुटून डबीत ठेवा. माशी रुमालात टिपा, डबीत टाकून हलवा, फुंकर मारा. प्रवासात हॅकल चेपलं असेल तर माशी टाकून देऊ नका. चहाच्या किटलीच्या वाफेवर चिमट्याने क्षणभर धरली की तंतू पुन्हा ताठ होतात.