गायीला इंजेक्शन देण्याआधी गोठ्यात काय काय तयार हवं

दुधात अँटीबायोटिक निघालं म्हणून डेअरीतून कॅन परत आला की सगळे डॉक्टरला बोल लावतात, पण बऱ्याचदा गडबड गोठ्यातच झालेली असते, रात्री इंजेक्शन झालं आणि पहाटे धार काढणाऱ्याला कोणी सांगितलंच नाही. त्यामुळे पहिलं म्हणजे वही-पेन गोठ्यातच दोरीने बांधून ठेवा, घरात नको. त्यात गायीच्या बिल्ल्याचा 12 आकडी नंबर (नुसतं गौरी लिहू नका, दोन-दोन गौऱ्या असतात), औषध, किती एमएल आणि शेवटचा डोस कधी दिला ते लिहा. शेवटचा बरं का, दूध बाजूला ठेवायचे दिवस तिथून मोजायचे. सोबत लाल कापडाची पट्टी, औषध चालू असलेल्या गायीच्या मागच्या पायाला बांधायला, म्हणजे वही न बघणाऱ्यालाही कळतं.

डॉक्टर असतानाच बाटलीचा फोटो काढा आणि विथड्रॉवल पिरियड (शेवटच्या डोसनंतर दूध-मांस किती दिवस वापरायचं नाही ते) विचारून घ्या. लेबलवर काहीच दिलं नसेल तर नियमाने दुधाला आणि अंड्याला किमान 7 दिवस, मटणाला 28 दिवस धरायचे, म्हणजे ईदला बोकड काढायचा असेल तर महिनाभर आधीच हिशेब करा.

कासदाहाची (कासेच्या सुजेची) ट्यूब एकाच सडात सोडली तरी चारही सडांचं दूध बाजूला, कारण औषध रक्तातून बाकीच्या सडांत उतरतं. त्या गायीची धार सगळ्यात शेवटी, बादली वेगळी, आणि ते दूध चहाला नाही की वासरालाही नाही, उकळलं म्हणून अँटीबायोटिक जातंच असं नाही. बल्क कूलरला सगळ्या गावाचं दूध एकत्र होतं त्यामुळे एका गायीपायी सगळ्यांचंच अडकतं. गाय आटवताना (विण्याआधी दूध बंद करताना) सोडलेल्या ट्यूबची तारीख तर वेगळ्या पानावर लिहा, गाय दिवस भरायच्या आधी व्याली तर ते औषध संपलेलं नसतं आणि चिकाच्या गडबडीत कोणाच्या लक्षात राहत नाही.

कपाट एकदा रिकामं करा. दुखण्यावरचं डायक्लोफेनॅक जनावरांना 2006 पासून बंद आहे (गिधाडं त्यानेच गेली, मेलेल्या जनावराच्या मांसातून), किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक 2023 पासून. दुखण्यावर मेलॉक्सिकॅम मागा. गोचिडासाठी दुभत्या गायीला मनाने आयव्हरमेक्टिन टोचू नका, ते चरबीत साठतं आणि दुधातून बरेच दिवस येत राहतं.

आणि पेंड! हे कोणी बघतच नाही. बुरशी लागलेली सरकी पेंड किंवा मका खाल्ला की दिवसभरात अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) दुधात उतरतं, मर्यादा किलोला फक्त 0.5 मायक्रोग्रॅम, आणि उकळून तेही जात नाही. पावसाळ्याआधी पोती फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब, वास आला तर पोतं टाकून द्या, जीव तुटतो माहितीये.

बाजारातून दुभती गाय आणायची असेल तर शेवटचं इंजेक्शन कधी, कशाचं ते विचारा. विकणारा "काहीच नाही" म्हणणारच, तेव्हा तिचं दूध वेगळं ठेवा आणि दूध सेंटरवर अँटीबायोटिक तपासायची पट्टी लावून बघितल्याशिवाय कॅनमध्ये ओतू नका.