इंटरनेट मध्येच तुटते तेव्हा दोष घरात की बाहेर, हे असे ओळखा

वायफायचे चिन्ह पूर्ण दिसत असूनही जोडणी अधूनमधून तुटत असेल, तर राउटर बदलण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे विंडोजच्या संगणकावर पुढीलप्रमाणे तपासावे. आज्ञा व आकडे इंग्रजीतच टाइप करावेत.

१. कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची विंडोजमधील खिडकी) उघडून 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) ही आज्ञा द्यावी आणि 'डिफॉल्ट गेटवे'समोरील आकडा, म्हणजे राउटरचा पत्ता, जो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, लिहून घ्यावा.

२. एका खिडकीत 'पिंग -टी' (ping -t) लिहून त्यापुढे तो आकडा द्यावा, दुसऱ्या खिडकीत त्याच आज्ञेपुढे ८.८.८.८ हा इंटरनेटवरील गूगलच्या सर्व्हरचा पत्ता द्यावा, आणि जोडणी पुन्हा तुटेपर्यंत दोन्ही चालू ठेवाव्यात.

तुटण्याच्या क्षणी दोन्ही खिडक्यांत 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' (Request timed out, म्हणजे वेळेत उत्तर आले नाही) दिसू लागल्यास दोष घरातच, म्हणजे संगणक आणि राउटर यांच्या दरम्यान किंवा खुद्द राउटरमध्ये आहे. अशा वेळी संगणक लॅन केबलने जोडून हीच चाचणी पुन्हा करावी. केबलवर खंड पडत नसेल तर वायफायच दोषी ठरते, आणि शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी असलेल्या इमारतीत २.४ गिगाहर्ट्झचे चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळे असेल ते निवडल्याने किंवा ५ गिगाहर्ट्झवर गेल्याने बऱ्याचदा भागते. केबलवरही खंड पडत असेल तर केबल बदलून पाहावी. याउलट पहिली खिडकी सुरळीत आणि केवळ दुसरी अडत असेल, तर दोष बहुधा राउटरच्या पलीकडे असतो. पडद्याचे छायाचित्र वेळेसह सेवा पुरवठादाराकडे पाठवावे, म्हणजे तक्रार टोलवणे त्यांना अवघड जाते.

मात्र राउटरच्या मागील बारीक छिद्रातील रीसेटचे बटण दाबू नये. त्याने जोडणीचे वापरकर्ता-नाव आणि पासवर्डही पुसले जाऊ शकतात.