नाल्याला पूर कोणत्या साली आला, हे सागाच्या खुंटावरून कसं काढायचं

आमच्या वावराजवळच्या नाल्याला एकदा रातोरात लोंढा आलता, धुऱ्यासकट माती घेऊन गेला, पण नेमकं साल विचारलं की घरात भांडण. बाबा म्हणतात लाल्या बैल विकला त्याच्या आदल्या वर्षी, काका म्हणतात छे, त्याच्या नंतर. मोठ्या नदीच्या पुराची कुठेतरी नोंद सापडते, नाल्याची कोण ठेवणार? काठावरचा साग ठेवतो, पुरात खोडावर बसलेला घाव आणि कापलेल्या खोडात दरवर्षी वाढणारी एकेक गोल रिंग यांत, फक्त ती नोंद वाचता आली पाहिजे.

सागच घ्या. मार्च-एप्रिलात त्याची पानं गळालेली असतात, वाढ थांबते, आणि पावसाळा लागला की नव्या रिंगची सुरुवात मोठ्या मोठ्या छिद्रांच्या ओळीने होते, ती साध्या भिंगातून पण दिसते. आंबा, जांभूळ, करंज यांच्या रिंगांवर विसंबू नका. आणि इंटरनेटवर जे वाचाल ते बहुतेक पाइनच्या झाडांचं असतं, जखमेजवळ डिंकाच्या नळ्या शोधा वगैरे, सागात तसल्या नळ्या नसतातच, उगाच शोधत बसाल.

आता झाड तोडायचं नाही हं. स्वतःच्या वावरातला साग असला तरी तोडायला परवानगी लागते, १९६४ पासून तसा कायदा आहे, आणि जंगलातल्या झाडाला तर हातच लावू नका. परवानगीने तोडलेल्या झाडाचे खुंट नाल्याकाठी असतील तर मालकाला विचारून घावाच्या उंचीवरची चकती कापून घ्या. उभ्या झाडातून पेन्सिलीहून बारीक काडी काढायचं गिरमिट मिळतं पण महाग पडतं, आणि ते वापरलं तरी घावाच्या मधोमध नाही, कडेला लावायचं, कारण मधे त्यानंतरच्या रिंगाच नसतात.

पुरात वाहून आलेला दगड किंवा ओंडका खोडावर आदळला की साल निघते, तिथलं लाकूड वाढायचं थांबतं, आणि मग दोन्ही कडांनी ओठासारखा फुगवटा दरवर्षी थोडा थोडा पुढे सरकत घाव झाकतो. त्या ओठात जितक्या रिंगा तितके पावसाळे गेले. चकतीला आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर मारा, मग १५०, २२०, शेवटी ४००. कंटाळा येतो पण इथे घाई केली की छिद्रं दिसत नाहीत. मोजायचं सालीकडून आत, गाभ्यापर्यंत जायची गरजच नाही, दर दहाव्या रिंगवर पेन्सिलीने टिंब द्या. माझी चूक झाली ती इथे: झाड एप्रिल २०२४ ला तोडलं असेल तर बाहेरची शेवटची रिंग २०२३ ची असते, २०२४ ची नाही, त्यामुळे माझे सगळे पूर आधी एक वर्ष पुढे सरकले होते.

घाव रिंगच्या आत कुठे सुरू होतो ते पण बघा. मोठ्या छिद्रांच्या ओळीत असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीचा, त्याच्या पुढे असेल तर नंतरचा, आणि बरोबर दोन रिंगांच्या सीमेवर असेल तर मात्र शंका घ्या, तो उन्हाळ्यात मारलेला कुऱ्हाडीचा घाव किंवा वणव्याचा असू शकतो. वणव्याचा घाव बुडाशी असतो, कधी कोळसाही सापडतो. पुराचा बहुतेक पाणी येतं त्या बाजूला असतो. काही लोकांना वाटतं झाड वाढलं की घाव पण वर सरकतो, तसं नाही, खोड शेंड्याकडून उंच होतं, घाव तिथल्या तिथेच राहतो. म्हणून पाणी साधारण कुठवर आलं असेल तो अंदाज पण लागतो, अगदी फुटाफुटाचा नाही, कारण ओंडका पाण्याखालूनही येऊन धडकतो.

झाड वाकलं असेल तर तेही कामाचं. वाकल्यावर साग वरच्या बाजूला जाड रिंगा बनवतो, तिथून जाडी बदलली ते साल टिपून ठेवा.

पण एका झाडावरून साल ठरवायचं नाही. पावसाने मधेच दडी मारली की साग खोटी रिंग बनवतो, आणि दाटीत वाढलेल्या झाडाची एखादी रिंग बनतच नाही. म्हणून पाच-सहा चकत्या शेजारी ठेवून बारीक रिंगा जुळवा, जुनं झाड असेल तर १९७२ च्या दुष्काळाची रिंग बारीक आहे का बघा. मोवाडकडे वर्धा नदीच्या काठावरचं लाकूड मिळालं तर ३० जुलै १९९१ चा पूर पकडता येतो का, त्यावरून स्वतःचं मोजणं तपासता येतं. मग हिशोब सोपा: त्या साली घाव असलेली झाडं भागिले तेव्हा जिवंत असलेली झाडं, गुणिले शंभर. सहातल्या एकावरच घाव असेल तर बैलगाडीचा धक्का पण असू शकतो बाप्पा.

आमच्याकडे सहापैकी चार चकत्यांवर एकच साल निघालं. ते बाबांचंही नव्हतं न् काकांचंही, आणि दोघंही म्हणतात की लाकूडच चुकलं.