सस्पेन्शन बदलल्यावर गाडी नीट चालत नाही? अलाइनमेंटला पळायच्या आधी हे तपासा

लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग) बसवल्या, कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा सेट) बसवले किंवा खड्ड्यांना वैतागून गाडी इंचभर उचलून घेतली, आणि आता गाडी एका बाजूला ओढायलीय, स्टिअरिंग वळवलं की आपोआप सरळ येत नाही, हायवेला शेजारून ट्रक गेला की गाडी हलते. असं झालं की बहुतेक जण थेट अलाइनमेंटवाल्याकडे (चाकांचे कोन जुळवून देणाऱ्याकडे) जातात, पैसे देतात आणि आठवड्याभरात गाडी परत तशीच. माझं स्पष्ट मत आहे की या तक्रारी पार्टमुळे कमी आणि फिटिंगमुळे जास्त येतात, आणि फिटिंग चुकलेलं असेल तर अलाइनमेंट टिकतच नाही. म्हणून क्रम पाळा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

सगळ्यात आधी टायरची हवा. दाराजवळच्या स्टिकरवर जो आकडा आहे तेवढी, आणि टायर थंड असताना. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे फार महत्त्वाचं आहे, कारण तापमान साधारण 5-6 अंशांनी वाढलं की टायरमध्ये जवळपास 1 पीएसआय वाढतं, म्हणजे सकाळी बरोबर भरलेली हवा भर दुपारी 3 पीएसआय जास्त दिसू शकते. दुपारी गरम टायर बघून हवा कमी केली की सकाळी ती कमीच पडणार. ओढण्याची तक्रार असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघा (एकाच दिशेने फिरणारे टायर असतील तर हे करू नका). ओढ उलट बाजूला गेली तर दोष टायरचा, सस्पेन्शनचा नाही.

मग उंची मोजा. सपाट जागा बघा, पेट्रोल पंपाचं काँक्रीट चालतं, आणि चारही चाकांना चाकाच्या मधल्या बिंदूपासून वर फेंडरच्या कडेपर्यंत टेपने मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजलं तर टायरच्या हवेचा फरक त्यात मिसळतो. डाव्या-उजव्यात 4-5 मिमी फरक असेल तर सोडून द्या, पण सेंटीमीटरच्या पुढे असेल तर स्प्रिंग सीटवर नीट बसलेली नाही, किंवा कॉइलओव्हरची उंची दोन्हीकडे सारखी लावलेली नाही. कापलेल्या स्प्रिंग असतील तर पुढचं काहीच करू नका, त्या आधी काढून टाका.

आता खरी गोम, म्हणजे बुश. लोअर आर्मला (चाक बॉडीशी जोडणारा खालचा दांडा) आणि मागच्या बीमला (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) जोडावर जे रबरी बुश असतात ते फिरत नाहीत, त्यांचं रबर पिळलं जातं. गाडी जॅकवर, चाक हवेत लटकलेलं, आणि मिस्त्रीने तसेच बोल्ट आवळून टाकले की रबर त्याच लटकलेल्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी सुरुवातीला थोडी उंच दिसते, राइड कडक लागते, स्टिअरिंग विचित्र वाटतं आणि काही महिन्यांत बुश फाटतो. उपाय सोपा आहे. चारही चाकांखाली जाड, रुंद, मजबूत लाकडी फळ्या किंवा रॅम्प घ्या, म्हणजे गाडीचं वजन चाकांवरच राहील, मागं-पुढं अडण्या लावा, हँडब्रेक ओढा, मग आर्मचे आणि बीमचे बुशचे बोल्ट थोडे सैल करा, गाडी वरून दोन-चार वेळा दाबून सोडा आणि तिथंच टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) कंपनी मॅन्युअलच्या आकड्याप्रमाणे आवळा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. घरी सोय नसेल तर चाकांवर गाडी उभी राहणारी पोस्ट लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्ये जा आणि आवळताना शेजारी उभं राहून बघा, त्यात संकोच करू नका.

स्टिअरिंग सरळ येत नसेल तर वरचं माउंटिंग (पुढच्या शॉकअपचं वरचं टोक बॉडीला जिथं बसतं तो भाग) बघा. एकाने गाडीत बसून स्टिअरिंग हळूहळू फिरवायचं, दुसऱ्याने पुढच्या स्प्रिंगवर हात ठेवायचा, बोटं मात्र कॉइलच्या मधे घालायची नाहीत. स्प्रिंग गुळगुळीत फिरली तर ठीक, पण अडकून अडकून टणकन उडी मारत असेल तर माउंटचं बेअरिंग खराब आहे किंवा उलटं बसलंय. जुनं माउंट नव्या शॉकअपवर चढवणं म्हणजे इथं पैसे वाचवून तिथं घालवणं.

खडखड आवाज येत असेल तर बहुतेक वेळा लिंक रॉड, म्हणजे स्टॅबिलायझर बारला (वळणावर गाडी कलू न देणारा आडवा बार) सस्पेन्शनशी जोडणारी छोटी दांडी. गाडी खाली गेली की जुनी लिंक चुकीच्या कोनात जाते, स्टॅबिलायझर बारला ताण बसतो. ॲडजस्टेबल लिंक घ्या आणि ती गाडी चाकांवर असतानाच सेट करा.

गतिरोधकावर धाडकन बसते का? शॉकअपच्या रॉडला एक केबल टाय (प्लास्टिकची पट्टी) ढकलल्यावर सरकेल इतपतच घट्ट बांधून शॉकअपच्या बॉडीला टेकवा आणि नेहमीच्या रस्त्याने चालवून या. टाय सरकत सरकत बंप स्टॉपपर्यंत (रॉडच्या टोकाचा रबरी ठोकळा) गेला असेल तर ट्रॅव्हल, म्हणजे शॉकअपची दबायची जागा, संपतोय, तेव्हा गाडी थोडी उचला किंवा जास्त रेटची (जास्त कडक) स्प्रिंग लावा. शॉकअपच्या नॉबचे क्लिक वाढवून, म्हणजे तो कडक करून, हे सुटत नाही.

इतकं झालं की मगच अलाइनमेंट. बसवल्या बसवल्या टो (वरून बघता चाकं आत किंवा बाहेर किती वळलीत तो कोन) तेवढा सरळ करून घ्यायचा, म्हणजे टायर खात नाही, आणि 300-500 किमी चालून स्प्रिंग बसल्यावर पूर्ण अलाइनमेंट. आधीची आणि नंतरची दोन्ही प्रिंट मागून घ्या. टो आउट (चाकं पुढून बाहेर वळलेली) जास्त असेल तर गाडी भटकते, आणि आपल्याकडं गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी डांबराला ज्या चाकोऱ्या पडतात त्यात तर ती स्वतःच घुसते. कॅम्बरचा (समोरून बघता चाकाचा आत-बाहेर कल) डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर गाडी जास्त पॉझिटिव्ह (चाक वरून बाहेर झुकलेल्या) बाजूला ओढते, कॅस्टर (बाजूने बघता स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) ज्या बाजूला कमी त्या बाजूला ओढते. स्विफ्ट, बलेनो, आय20 सारख्या गाड्यांना मागे बीम असतो, तिथं कॅम्बर-टो साधारणपणे सेट करता येत नाही, त्यामुळे मागचंही करून देतो म्हणणाऱ्याला कसं करणार ते नक्की विचारा.

क्लिक असलेले शॉकअप असतील तर नॉब हलक्या हाताने पूर्ण बंद करून तिथून उलटे मोजा, मधोमध ठेवा, मग एका वेळी दोनच क्लिक, पुढचे आणि मागचे वेगवेगळे. वळणावर गाडी नाकाने बाहेर जात असेल तर पुढचे थोडे नरम करा किंवा मागचे थोडे कडक. पावसाळ्यात मागचे फार कडक ठेवू नका, तुळजापूरच्या घाटात ओल्या रस्त्यावर मागचं सुटलं तर सावरायला जागा नसते. टेस्ट सकाळी लवकर, मोकळ्या रस्त्यावर, मर्यादेतल्या वेगातच करा, सोलापुरातल्या सात रस्त्याच्या गर्दीत नाही.

विमा कंपनीला बदल कळवून ठेवा. आणि सगळे नट आवळले की प्रत्येकावरून बॉडीपर्यंत पांढऱ्या मार्करने एक रेघ मारा, 500 किमीनंतर बघा, रेघ तुटलेली दिसली की तो नट सैल झालाय, तेवढाच परत आवळायचा.