क्रिकेटपटूच्या घटस्फोटाची बातमी: पानावर घेण्याआधी काय तपासायचं

खेळाडूच्या घरातल्या भांडणाची बातमी डेस्कवर आली की बातमीदाराला आधी विचारा, हातातला कागद कुठून आला? खरंखोटं त्यानंतर.

कागद कौटुंबिक न्यायालयातला असेल तर लग्न कोणत्या कायद्याखाली झालंय ते बघा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 22 नुसार सुनावणी बंद दाराआड होते आणि तिच्यातला मजकूर छापणं बेकायदा आहे. अपवाद उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा, तोही कोर्टाच्या पूर्वपरवानगीने. दंड जेमतेम हजार रुपयांपर्यंत, म्हणून हे कलम कुणी मनावर घेत नाही. पण त्याच मजकुरावर अब्रुनुकसानीचा खटला झाला की 'आम्ही कोर्टाचं कामकाज दिलं' हा बचाव लंगडा पडतो. विशेष विवाह कायद्याच्या कलम 33 मध्येही हीच बंधनं आहेत.

आकड्यांच्या बाबतीत क्रिकेटपटू युझवेंद्र चहल आणि त्याची पत्नी धनश्री वर्मा यांच्या घटस्फोटाचं प्रकरण डोळ्यासमोर ठेवा. फेब्रुवारी 2025 मध्ये 60 कोटींच्या पोटगीची आवई उठली, धनश्रीच्या कुटुंबीयांनी ती फेटाळली. मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परस्पर संमतीच्या घटस्फोटाआधीची सहा महिन्यांची प्रतीक्षा माफ केली, तेव्हा ठरलेली रक्कम कळली: 4 कोटी 75 लाख. त्यातले 2 कोटी 37 लाख 55 हजार दिलेले होते. म्हणून आकडा 'सूत्रांकडून' आला असेल तर तो मथळ्यात नको. आदेशाची प्रत उतरवून घ्या, तारीख आणि प्रकरण क्रमांक बातमीच्या फायलीत ठेवा. आदेश संकेतस्थळावर दिसतो म्हणजे छापायची परवानगी मिळाली असं नाही. तेवढं वकिलाकडून बघून घ्या.

मथळ्याला प्रश्नचिन्ह लावलं किंवा 'कथित' घातलं की सुटलो, हा डेस्कवरचा जुना गैरसमज. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो. शिवाय फौजदारी खटल्यात मजकूर खरा असणं पुरत नाही, तो छापणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. सामना निश्चितीचा (मॅच फिक्सिंगचा) आरोप तिथे टिकेल. कोण कोणासोबत जेवायला गेलं हे टिकणं कठीण.

लैंगिक गुन्ह्याची तक्रार असेल तर त्याच संहितेचं कलम 72 आड येतं: पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही छापलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. इथे चूक तुकड्यातुकड्यांनी होते. एक बातमी तिचा व्यवसाय देते, दुसरी सोसायटी, तिसरी खेळाडूशी असलेलं नातं. तिन्ही वाचणाऱ्याला नाव सांगावं लागत नाही. म्हणून नवी बातमी सोडण्याआधी आपल्याच जुन्या बातम्या आणि फोटोओळी उघडून बघा. मुलांचे चेहरे झाका, खेळाडूने स्वतः इन्स्टाग्रामवर टाकलेले असले तरी.

'माहिती आधीच जगजाहीर होती' यावरही विसंबू नका. इंग्लंडचा क्रिकेटपटू बेन स्टोक्सच्या जन्माआधीची त्याच्या कुटुंबातली शोकांतिका 'द सन' या ब्रिटिश वृत्तपत्राने 2019 मध्ये पहिल्या पानावर छापली. घटना न्यूझीलंडमध्ये पूर्वी छापून आलेली होती. तरीही 2021 मध्ये वृत्तपत्राला माफी मागून भरपाई द्यावी लागली.

शेवटचं काम खुलाशाचं. प्रत्येक आरोप वेगळा लिहून खेळाडूच्या व्यवस्थापकाला ईमेल करा आणि उत्तराची वेळ स्पष्ट द्या. 'फोन उचलला नाही' एवढ्यावर भागवू नका. उत्तर आलं तर ते शेवटच्या परिच्छेदात न टाकता आरोपाच्या लगेच खाली घ्या.