बांबूच्या वस्तू घरी बनवून राहिलात? मग या चुका टाळा

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे बांबू दारातच, त्यामुळे ज्याला त्याला वाटतं की आपल्याला बांबूकाम येतंच. रात्री मोबाईलवर व्हिडीओ पाहायचा, सकाळी कोयता घ्यायचा, दुपारपर्यंत स्टूल ठोकायचा आणि संध्याकाळी स्टेटसला फोटो. चांगलं आहे बाप्पा, हातानं काही बनवायची हौस असावीच, पण चार-सहा महिन्यांनी त्या स्टुलाचं काय झालं याचा फोटो कोणी टाकत नाही. ते मोडकं स्टूल माझ्या छपरीत येतं, "काका, पाहा ना काही होते का" म्हणून. आणि दरवर्षी चुका त्याच. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

भर पावसात तोडलेला कोवळा बांबू

ही सगळ्या चुकांची माय. बाकी सगळं चुकलं तरी निस्तरता येतं, हे नाही येत.

आमच्या गावातल्या एका पोरानं घरच्या रांजीतला (बांबूच्या बेटाला आम्ही रांजी म्हणतो) बांबू तोडून सोफा बनवला. पोरगं हुशार, हातात सफाई, जोड असे बसवले होते की मी दोनदा हात फिरवून पाहिले. पण तोडला कधी, तर श्रावणात, आणि निवडला कोणता, तर हिरवागार, चकचकीत, दिसायला सुंदर. मी म्हटलं, दिवाळीनंतर तोड, तर म्हणे काका गणपतीत पाहुणे येऊन राहिले. गणपतीत सोफ्याचं कौतुक झालं. थंडी सुरू झाली तसा पोरगा आला, "काका, फरशीवर रोज पीठ कायचं पडून राहिलं?" जाऊन पाहतो तर प्रत्येक पेरावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिवळट भुकटी. घुण. तीनेक मिलिमीटरचा काळपट भुंगा असतो तो, बांबूत जे पिठूळ असतं, म्हणजे स्टार्च, त्याच्यासाठी तो आत शिरते.

तिथंही त्यानं घाईच केली. वरून ऑईल पेंटचे दोन हात मारले. भोकं बुजली, भुंगे आतच. मग फिनाईल शिंपडलं, मग रॉकेल, घरात बसवत नव्हतं त्या वासानं. शेवटी एक दिवस त्याची आई झाडायला म्हणून सोफा सरकवायला गेली तर हातच निघून तिच्या हातात आला, आतून नुसता भुसा. माणूस बसून मोडला असता तर निदान सांगायला बरं होतं.

तर नियम साधा आहे. बांबू पावसाळ्यात वाढते, वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, तेव्हाच निघतात ना (भाजीला काढता तेव्हा दिसतातच), तेव्हा रांजीत रस खेळत असतो आणि भुंग्याची चंगळ असते. मी दिवाळी झाल्यावर तोडायला सुरू करतो आणि फेब्रुवारीच्या आत संपवतो. म्हातारे लोक अमावास्या पाहून तोडायला सांगतात, मी तिथी पाहत नाही, मोसम पाहतो.

दुसरं म्हणजे वय. बांबूची उंची-जाडी एकाच पावसाळ्यात होऊन जाते, पुढं तो जाड होत नाही, फक्त आतून पक्का होत जाते. म्हणून मोठा दिसला म्हणजे पिकला असं नाही. तीन वर्षांच्या आतला घ्यायचा नाही. कोवळ्याच्या बुडाशी पापुद्रे चिकटलेले असतात, अंगावर पांढरी भुकटी असते, रंग ताजा हिरवा. पिकलेला मळकट दिसते, अंगावर पांढरे-करडे डाग पडलेले, कोयत्याच्या पाठीनं ठोकला तर टणटण वाजते. सुंदर दिसते तो सोडा, मळका घ्या. रांजीच्या बाहेरच्या अंगाला नवे असतात आणि पिकलेले मधात अडकलेले असतात, म्हणून आळशी माणूस नेहमी बाहेरचाच तोडते. आणि तोडताना जमिनीपासून पहिल्या-दुसऱ्या गाठीच्या लगेच वर तोडा, नाही तर खुंटात वाटी राहते, पाणी साचते आणि बुड सडते.

तोडल्यावर मी बांबू बोडीत, म्हणजे शेततळ्यात, दगडाखाली दाबून ठेवतो, तीन-चार आठवडे. पिठूळ पाण्यात निघून जाते. वास येते, घरचे ओरडतात, पण घुण बराच टळतो. ज्याला पक्कं काम पाहिजे त्यानं बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी करावं, 100 लिटरला 3 किलो बोरॅक्स, 2 किलो बोरिक, आणि त्यात आठवडाभर तरी बुडवावा. पण त्याआधी लांब सळईनं आतल्या गाठी फोडा, नाही तर औषध आत जाणारच नाही, बाहेरचं साल मेणचट असते ते पाणी घेत नाही. हे पाणी नंतर बोडीत किंवा ढोरांच्या टाक्यात ओतू नका, एवढी अक्कल सांगायची गरज पडू नये, पण पडते.

मे महिन्याच्या उन्हात वाळवणे

आपल्याकडे पारा 45 च्या वर जाते, तिथं ओला बांबू अंगणात टाकला की दोन दिवसांत तडकते. सावलीत, हवा खेळते तिथं, खाली विटा देऊन उभा टेकवा. मी टिनाच्या शेडमागं ठेवतो, अधूनमधून फिरवतो आणि दोन-तीन महिने विसरून जातो. ज्याला विसरता येत नाही त्यानं प्लास्टिकची खुर्ची विकत आणावी.

सरळ खिळा ठोकणे

बांबूचे धागे उभेच्या उभे असतात, आडवं धरून ठेवणारं काही नसते. खिळा म्हणजे पाचरच, चीर पडलीच समजा, आज नाही तर वाळल्यावर. आधी ड्रिलनं भोक पाडा, तेही गाठीच्या जवळ, मग बांबूचीच खुंटी बसवा किंवा नटबोल्ट टाका. मला स्वतःला दोरीचा बांध आवडते. काथ्या भिजवून आवळायचा, वाळला की अजून घट्ट बसते. आणि कोणताही दांडा कापताना टोकाला गाठ ठेवा, उघड्या पेरावर वजन आलं की ते फाटते.

गाठी न फोडता शेकणे

हे वाचाच, बाकी सोडलं तरी चालते.

एका शिबिरात पोरांना बांबू वाकवायला शिकवून राहिले होते. शिकवणारा माणूस शहरातून आलेला, व्हिडीओवरून शिकलेला दिसत होता. त्यानं ओलसर बांबूचे हातभर तुकडे, दोन्हीकडं गाठ शाबूत असलेले, थेट चुलीच्या जाळावर ठेवायला लावले. मी पलीकडं कामट्या तासत होतो, म्हटलं भाऊ भोक पाडून घ्या आधी. "काही होत नाही हो." दुसऱ्याच मिनिटाला असा बार झाला की कोंबड्या कवेलूवर चढल्या आणि निखारे अंगणभर. एका पोराच्या शर्टाला भोकं पडली, डोळा वाचला ते नशीब. पोरं त्यानंतर जे हसत सुटली, त्यांना तर तोच भाग सगळ्यात आवडला.

बंद पेरात हवा आणि पाणी कोंडलेलं असते, तापलं की वाफ होते आणि जायला जागा नाही. म्हणून प्रत्येक पेराला बारीक भोक पाडा किंवा सळईनं गाठी आरपार करा. मग जाळ एका जागी न धरता फिरवत राहा, साल चकाकायला लागलं की हळू दाब द्या, आणि वाकला की ओल्या फडक्यानं थंड होईपर्यंत धरून ठेवा. धरून ठेवणंच कोणाला जमत नाही. आपला मानवेल, म्हणजे आपल्याकडची बांबूची जात, बुडाशी बहुतेक भरीव असते, लाठ्या त्याच्याच करतात, तो वाकवायला सगळ्यात भरवशाचा.

बाकीच्या बारीकसारीक

साल न खरडता वार्निश मारू नका, पापडी निघते. आधी पॉलिश पेपर.

फेविकॉल सालावर धरत नाही, आतल्या बाजूला धरते.

बांबूचा दांडा सरळ मातीत गाडला की वर्ष-दोन वर्षांत बुड जाते, वाळवी वेगळी. खाली दगड किंवा सिमेंटचा ठोकळा द्या.

कामट्या काढताना चीर एका अंगाला पळाली की लोक सुरी जोरात दाबतात. उलटं आहे. जी बाजू जाड राहिली ती जास्त वाकवा, चीर आपोआप मधात येते. हे एकदा हाताला समजलं ना, मग चर्रर्र आवाज करत बांबू बुडापर्यंत उघडत जाते, त्याच्यासारखं सुख नाही. मी कधी कधी काही बनवायचं नसलं तरी दोन-चार कामट्या काढून ठेवतो.

हातमोजे घाला. कामटीची धार ब्लेडसारखी असते आणि कूस रुतली तर आठवडाभर ठणकते.

रांजीला फुलोरा आला असेल तर तो बांबू घेऊ नका, फुलून मेलेला बांबू ठिसूळ होते.

आणि जंगलातून गुपचूप तोडून आणू नका. वन कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू कायद्यानं झाड राहिला नाही, तुमच्या बांधावरचा खुशाल तोडा, पण वनजमिनीवरचा वेगळा. तिथं हक्क मिळवायची रीत आहे, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेच्या हातात 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक पासचं, म्हणजे बांबू बाहेर न्यायच्या परवान्याचं, पुस्तक आलं ते मागणी लावून धरली म्हणून.

पहिलंच काम सोफ्याचं काढू नका. पेन ठेवायचं नळकांडं करा, भिंतीवरचा दिवा करा, वेलीला मांडव करा. गावात बुरूड काका असतील तर त्यांच्याजवळ बसा आणि फुकट नका बसू, एखादं सूप-टोपली घ्या, भाव न करता. नीट शिकायचं असेल तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचं प्रशिक्षण केंद्र आहे. आणि मला मे महिन्यात फोन करून "काका, उद्यापर्यंत वाळलेला बांबू भेटेल का" विचारू नका. दिवाळीनंतर या, कोयता आपला आणा, धार लावलेला.